जपानी शब्द लिहून भिंतीवर लावायचाय? शब्दाच्या निवडीपासून चौकटीपर्यंत

शोदो म्हणजे जपानी ब्रशलेखन. ‘शांती’, ‘धीर’, ‘स्वप्न’ असा एखादा शब्द स्वतः लिहून घरात लावावा किंवा भेट द्यावा असं अनेकांना वाटतं. हात बसायला वेळ लागणार हे सगळे धरूनच चालतात, पण काम फसतं ते बहुतेकदा हातामुळे नाही. चुकीचा शब्द, चिनी वळणाचं अक्षर, डावीकडून मांडलेल्या ओळी, कागदाची उलटी बाजू, हे सगळं ब्रश शाईत बुडण्याआधीच घडून गेलेलं असतं. म्हणून इथे बरीच जागा शब्दाला दिली आहे आणि पायऱ्यांचा क्रम बदलू नये असा आग्रह आहे.

उदाहरणासाठी एकच कांजी (चित्राक्षर) शेवटपर्यंत घेतली आहे: ‘वा’, ८ रेघांची. अर्थ सलोखा, मेळ. पहिल्या प्रयत्नाला याहून चांगली कांजी मिळणं अवघड, कारण तिच्यात आडवी, उभी, तिरकी, ठिपक्यासारखी आणि कोपऱ्यात वळणारी अशा मुख्य रेघा येतात, आणि एकटी लावली तरी ती पुरेशी बोलते.

## १. आधी मराठीत अर्थ पक्का करा

‘शांती’ हवी म्हणजे नेमकं काय हवं? जपानीत याची उत्तरं वेगवेगळी आहेत.

- ‘हेइवा’ (दोन अक्षरं, ५ आणि ८ रेघा): युद्ध नसणं, जगातली शांतता.
- ‘शिझुका’ (१४ रेघा): आवाज नसणं, निवांतपणा.
- ‘आन’ (६ रेघा): सुरक्षित, निर्धास्त असणं. पण हीच कांजी ‘स्वस्त’ या अर्थानेही वापरतात आणि दुकानांच्या पाट्यांवर सर्रास दिसते.
- ‘वा’ (८ रेघा): माणसामाणसांतला मेळ.

प्रेमाचंही तसंच. ‘आइ’ (१३ रेघा) हे व्यापक प्रेम, ‘कोइ’ (१० रेघा) म्हणजे प्रेमात पडणं, ओढ. आईवडिलांच्या लग्नाच्या वाढदिवसाला ‘कोइ’ देण्याआधी थोडा विचार करावा. ‘धीर’ शोधताना ‘निन’ (७ रेघा) समोर येतं. वर धारदार पातं, खाली हृदय. यात सोसण्याचा, दाबून धरण्याचा भाव आहे. ‘निंजा’मधला ‘निन’ तोच. परीक्षेला बसलेल्या मुलाला ‘धीर धर’ म्हणताना आपल्या मनात जो दिलासा असतो, तो त्यात नाही.

इथेच थांबून करायचं काम: हवा असलेला अर्थ एका पूर्ण मराठी वाक्यात लिहून ठेवा. ‘घरातली माणसं एकमेकांशी जुळवून राहोत’ असं वाक्य हाताशी असेल, तर पुढे चार पर्यायांतून निवड आपोआप होते.

## २. जपानी शब्द शोधा आणि उलटा तपासा

नेहमीची चूक अशी होते: मराठी शब्दाला इंग्रजी शब्द शोधायचा, तो भाषांतराच्या अॅपमध्ये टाकायचा आणि पहिलं उत्तर उचलायचं. ‘मुक्त’साठी ‘फ्री’ टाकलं की ‘जियू’ (स्वातंत्र्य) येईल किंवा ‘मुर्‍यो’ (फुकट) येईल, हा नशिबाचा भाग. भिंतीवर सुंदर अक्षरात ‘फुकट’ लावलेलं असू शकतं आणि घरात कुणाला त्याचा पत्ताही नसतो.

योग्य क्रम असा:

१) जपानी शब्दकोशात रोमन अक्षरांत उच्चार टाका. जिशो हा ऑनलाइन शब्दकोश यासाठी पुरेसा आहे.

२) रेघा मोजा. जपानीत एकाच उच्चाराच्या कांजी ढिगाने असतात. ‘वा’ टाकलं तर मेळाची ‘वा’ (८), कड्याची किंवा चाकाची ‘वा’ (१५) आणि गोष्ट या अर्थाची ‘वा’ (१३) अशा तिन्ही येतात. रेघांची संख्या हा सर्वांत सोपा ताळा.

३) बाकीचे अर्थ वाचा. ‘वा’चा अर्थ ‘जपानी पद्धतीचं’ असाही होतो (वाशी म्हणजे जपानी कागद, वाशोकु म्हणजे जपानी जेवण), आणि गणितात ‘बेरीज’ असाही. २०१९ साली सुरू झालेल्या ‘रेइवा’ कालखंडाच्या नावातही हीच कांजी आहे. यातलं काहीही आपल्या हेतूला मारक नाही, म्हणून शब्द पास.

४) तोच शब्द जपानीतून चित्रांच्या शोधात टाका. जाहिराती दिसतात की ब्रशलेखन? लोक हा शब्द कुठे वापरतात हे दोन मिनिटांत कळतं.

५) जपानी शिकलेल्या एखाद्या माणसाला दाखवा. पुण्यात असाल तर असं माणूस सापडणं कठीण नाही. ‘अर्थ बरोबर आहे का’ एवढंच न विचारता ‘हे भिंतीवर लावलेलं बघून काय वाटेल’ असं विचारा.

सावधान: चिनी आणि जपानीत अक्षरं सारखी दिसली तरी अर्थ सारखा असतोच असं नाही. जपानीत ‘तेगामी’ म्हणजे पत्र; तीच दोन अक्षरं आजच्या चिनीत शौचालयातला कागद. चिनीत जोडीदारासाठी लिहिली जाणारी दोन अक्षरं जपानीत ‘आइजिन’ वाचली जातात आणि त्यांचा अर्थ विवाहबाह्य संबंधातली व्यक्ती असा होतो.

दोनचार कांजी एकापुढे एक ठेवून स्वतःचा वाक्प्रचार बनवू नका. ‘आई’, ‘आशीर्वाद’, ‘घर’ या तीन कांजी ओळीने लिहिल्या तर जपानी वाचणाऱ्याला त्या नुसत्या तीन वस्तू दिसतात. चार अक्षरी रूढ शब्दच घ्या. ‘इचिगो इचिए’: ही भेट आयुष्यात पुन्हा नाही, म्हणून ती मनापासून घडावी. ‘वा केइ सेइ जाकु’: मेळ, आदर, शुद्धता, निवांतपणा, ही चहाविधीची चार तत्त्वं. ‘काचो फूगेत्सु’: फूल, पक्षी, वारा, चंद्र, म्हणजे निसर्गाचं सौंदर्य.

आणि कांजीच्या ‘आतल्या गोष्टी’ जपून सांगा. ‘वा’मध्ये डावीकडे धान्याचं कणीस, उजवीकडे तोंड, मग ‘सर्वांच्या तोंडी अन्न म्हणजे शांती’ असं सांगितलं जातं. ऐकायला गोड आहे, पण जुन्या चिनी कोशातली फोड वेगळी आहे. कणसाचा भाग फक्त उच्चार सुचवतो, अर्थ तोंडाकडून येतो आणि मूळ अर्थ ‘आवाजाला आवाजाने प्रतिसाद’ असा आहे. शाहिराने ओळ टाकावी आणि झीलकऱ्यांनी ती उचलावी, तशी ही ‘वा’. हा अर्थ लोककथेपेक्षा जास्त सुंदर आहे आणि खराही आहे.

नाव लिहायचं असेल तर: परदेशी नावं कांजीत नाही, काताकाना लिपीत लिहितात. जपानीत ‘ल’ नाही, म्हणून ‘शीतल’चं ‘शीतारु’ होतं. उभ्या ओळीत लिहिताना दीर्घ स्वराची आडवी रेघ उभी करावी लागते. ती आडवीच ठेवली तर ‘एक’ या अंकासारखी दिसते.

## ३. अक्षराचं जपानी वळण मिळवा

मोबाइलमध्ये एकाच कांजीची चिनी आणि जपानी वळणं एकाच संकेतांकावर बसवलेली असतात. फोनची भाषा किंवा फाँट जपानी नसेल तर चिनी वळण दिसू शकतं. ‘चोकु’ (सरळ, प्रामाणिक, ८ रेघा) उघडून पाहा. जपानी वळणात डावीकडून उतरून तळाशी उजवीकडे जाणारी काटकोनी रेघ दिसते, चिनीत अक्षर सपाट आडव्या रेघेवर बसलेलं असतं. १९४६ नंतर जपानने अनेक अक्षरं सोपी केली, त्यामुळे जुनी रूपंही भेटतात: ‘इचिगो इचिए’मधलं शेवटचं अक्षर आज ६ रेघांचं, जुनं १३ रेघांचं. ब्रशलेखनात जुनं रूप चालतं, पण एकाच कागदावर नवं आणि जुनं मिसळू नका.

नमुना घ्यायचा तो पाठ्यपुस्तकी वळणाचा (क्योकाशोताइ) किंवा ब्रशने लिहिलेला ‘तेहोन’ (समोर ठेवून लिहायचा कित्ता). छापील मिंचो फाँट गिरवू नका. त्यातल्या आडव्या रेघेच्या टोकाचा त्रिकोण हा छपाईचा अलंकार आहे, ब्रशचा नाही. शैली ‘काइशो’, म्हणजे प्रत्येक रेघ सुटी आणि स्पष्ट. ‘ग्योशो’, ‘सोशो’ या वाहत्या शैली मोहात पाडतात, पण त्यांत रेघा जोडल्या, गाळल्या जातात आणि कधी क्रमही बदलतो. काइशो हातात बसण्याआधी त्या करायला गेलं की नुसती गिचमीड होते.

ताळा: नमुन्यावर प्रत्येक रेघेला पेन्सिलने क्रमांक द्या. ‘वा’साठी ८ आले पाहिजेत.

## ४. मांडणी

जपानी लेखन वरून खाली आणि उजवीकडून डावीकडे जातं. चार अक्षरं असतील तर उजवा रकाना वर-खाली भरा, मग डावा. मराठी सवयीने ‘इचिगो’ वरच्या ओळीत आणि ‘इचिए’ खालच्या ओळीत लिहिलं, तर जपानी माणूस ते ‘गो-ए-इचि-इचि’ असं वाचेल. काहीच अर्थ नाही.

कागदाची उभी-आडवी हलकी घडी घालून मध्य काढा. देवनागरीत अक्षरं शिरोरेघेला टांगलेली असतात, त्यामुळे आपला डोळा वरची कड शोधतो. इथे वर रेघ नाही. अक्षर मधल्या उभ्या आसाभोवती तोललेलं असतं. पहिले दहावीस कागद अक्षरं वर चढतात ती याच सवयीने. एकट्या ‘वा’साठी चारही बाजूंना मोकळी जागा ठेवा आणि डावीकडे सहीपुरती पट्टी राखा.

## ५. सामान

कागद (हानशी): साधारण २४ × ३३ सें.मी. गुळगुळीत बाजू वर, खरबरीत खाली. बोट फिरवून ओळखा. आपला जाड हातकागद इथे वेगळा वागतो: त्यावर बहुधा खळ चढवलेली असते, शाई वरच राहते आणि रेघ निर्जीव दिसते. सरावाला जुनी वर्तमानपत्रं उत्तम.

खालचं आसन (शिताजिकी): दाट लोकरी फेल्ट, २ मि.मी.च्या आसपास. त्याऐवजी वर्तमानपत्र घातलं तर ओला हानशी त्याला चिकटतो.

वजन (बुनचिन): कागदाच्या वरच्या कडेवर आडवं.

ब्रश (फुदे): एकदोन अक्षरांसाठी सुमारे १ सें.मी. व्यासाचा, ५ सें.मी. केसांचा, सहीसाठी वेगळा बारीक. मिश्र केसांचा घ्या. निव्वळ बकरीच्या केसांचा फार मऊ पडतो आणि नवशिक्याच्या हातात लोळतो.

शाई: सुमीची कांडी आणि सुझुरी (घासायचा दगड), किंवा बाटलीतली तयार शाई. कांडीतला डिंक (निकावा) प्राण्यांच्या कातड्या-हाडांपासून बनतो. ज्यांना ते चालत नाही त्यांनी कृत्रिम राळेची तयार शाई आणि कृत्रिम केसांचा ब्रश निवडावा.

सावधान: नकाशे, ड्रॉइंगसाठी मिळणारी जलरोधक काळी शाई वापरू नका. तिच्यात बहुधा लाख असते. ती केसांच्या मुळाशी वाळली की ब्रश फुकट गेला.

## ६. शाई घासणं आणि ब्रश उघडणं

सुझुरीला वरचा सपाट भाग असतो, ‘ओका’ (टेकडी), आणि खालचा खोलगट, ‘उमि’ (समुद्र). ओकावर अर्धा चमचा पाणी टाका. कांडी हलक्या हाताने गोल फिरवत घासा, साधारण १० ते १५ मिनिटं. जोर लावला तर कण जाड पडतात. घट्ट झालेली शाई उमित ढकला, पुन्हा थोडं पाणी घ्या.

शाई झाली कसं ओळखायचं? कांडी पुढे सरकल्यावर मागे दगड क्षणभर उघडा दिसतो आणि शाई सावकाश मिटते. मग कागदाच्या तुकड्यावर एक ठिपका द्या. काळ्या ठिपक्याभोवती करडं कडं पसरलं तर शाई अजून पातळ आहे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, कागदच दमट असतो आणि शाई जास्त फुटते. अशा दिवसांत थोडी घट्टच ठेवा. कांडी पुसून बाजूला ठेवा. दगडावर उभी सोडली तर चिकटून बसते आणि ओढताना दगडाचा टवका निघतो.

भेट देणार असाल तर: शाई काळीभोर हवी. जपानमध्ये अंत्यविधीच्या पाकिटांवर मुद्दाम फिकट करड्या शाईने लिहितात. नवशिक्याची पातळ शाई नकळत तोच भाव आणू शकते.

नवा ब्रश खळ लावून कडक केलेला असतो. मोठ्या ब्रशचे केस बोटांनी सावकाश मोकळे करून कोमट पाण्यात खळ काढा. बारीक ब्रशचं फक्त टोक, साधारण एक तृतीयांश, उघडा. मोठा ब्रश शाईत भिजवून सुझुरीच्या काठावर निपटा. टोक एकत्र यायला हवं आणि थेंब गळता कामा नये.

## ७. ‘वा’च्या आठ रेघा

बसताना पोट आणि टेबल यांत मुठीएवढं अंतर, डावा हात कागदावर, उजवं कोपर हवेत. ब्रश उभा. बोरू किंवा कट निबने देवनागरी सुलेखन केलेल्यांनी हे खास लक्षात घ्यावं: तिथे जाडी-बारीकपणा निबच्या कोनातून येतो, इथे दाबातून. ब्रश तिरका धरून कोन साधायला गेलं की रेघेची एक कड फाटते.

रेघेची सुरुवात करताना टोक वर डावीकडे, सुमारे ४५ अंशांत टेकवा, क्षणभर थांबा, मग चला. शेवट तीन प्रकारचे: ‘तोमे’ (थांबणं), ‘हाने’ (उडवणं), ‘हाराइ’ (निमुळती सोडणं).

१) उजवीकडून डावीकडे आखूड तिरकी रेघ, जवळजवळ आडवी. हाराइ.

२) आडवी, डावीकडून उजवीकडे, किंचित चढती. उभ्या रेघेच्या डावीकडे जास्त, उजवीकडे कमी.

३) उभी, सरळ खाली. तोमे.

४) छेदापासून डावीकडे खाली. हाराइ, दाब हळूहळू सोडत.

५) छेदापासून उजवीकडे. ‘वा’ बिघडते ती इथे. हे कणीस स्वतंत्र अक्षर असतं तेव्हा ही रेघ लांब, पसरट जाते. पण डावा भाग म्हणून येताना ती ठिपक्याएवढी आखडते आणि थांबते, शेजाऱ्याला जागा करून देते. लांब ओढली तर सहाव्या रेघेच्या अंगावर जाते आणि दोन भाग एकमेकांत घुसतात.

६) तोंडाची डावी उभी, किंचित आत झुकलेली.

७) वरची आडवी आणि तीच न उचलता खाली. कोपऱ्यावर थांबा, ब्रशचं टोक पुन्हा रोवा, मग उतरा. न थांबता वळलं की कोपरा गोल होतो.

८) तळाची आडवी. ती सातवीच्या टोकाखालून उजवीकडे जराशी बाहेर डोकावते.

तोंड लहान आणि उंचीच्या मध्यावर ठेवा. कणसाएवढं उंच केलं की अक्षर दोन तुकड्यांत तुटलेलं दिसतं.

एक अक्षर एका दमात. रेघ बारीक पडली, केसांच्या खुणा उमटल्या (‘कासुरे’), तरी वरून पुन्हा गिरवू नका. दुसरा हात फिरवल्याची जागा वाळल्यावर वेगळी चमकते आणि उजेडासमोर धरली की लगेच ओळखू येते. नवा कागद घ्या. ‘वा’साठी वीस-तीस कागद लागतील असं धरूनच बसा. दर पाच कागदांनंतर ते भिंतीला लावून तीन मीटरवरून पाहा; टेबलावर न दिसलेला तोल तिथे दिसतो.

## ८. सही आणि शिक्का

त्याच बैठकीत, त्याच शाईने, बारीक ब्रशने, डाव्या बाजूला खालच्या भागात, उभी. मुख्य अक्षराशी स्पर्धा करेल एवढी मोठी नको. शाई पूर्ण वाळल्यावर सहीच्या खाली लाल शिक्का. तो सहीच्या अक्षराएवढा किंवा त्याहून लहान असावा. खाली मऊ आसन ठेवा आणि शिक्क्याची वरची बाजू आधी टिपणकागदावर तपासा. उलटा उमटलेला शिक्का सुधारता येत नाही. शिक्का नसेल तर नुसती सहीही चालते.

## ९. धुणं, वाळवणं, चौकट

आधी ब्रश. वाहत्या पाण्याखाली केसांच्या मुळाशी बोटांनी दाबत राहा, निथळणारं पाणी स्वच्छ येईपर्यंत. मुळाशी उरलेली शाई वाळली की केस फाकतात आणि टोक पुन्हा कधी जुळत नाही. आकार देऊन टोक खाली करून टांगा. ब्रशसोबत आलेली प्लॅस्टिकची टोपी परत घालू नका. आत ओल राहून बुरशी येते. सुझुरी साबणाशिवाय मऊ स्पंजने धुवा. उरलेली शाई उद्यासाठी ठेवू नका, आपल्या उन्हाळ्यात डिंक कुजून वास मारतो.

लिहिलेला कागद आडवा वाळवा. सुरकुत्या घालवण्यासाठी मागून खळीने दुसरा कागद चिकटवतात (‘उराउचि’). ते काम किमान आठवड्याने, नाहीतर ओल्या खळीने शाई पसरते. कपड्यांवरून धुऊन निघणारी मुलांची शाई वापरली असेल तर उराउचि करूच नका. चौकटवाल्याला तीन गोष्टी सांगा: काच कागदाला टेकू नये, मागे आम्लमुक्त पुठ्ठा हवा आणि चिकटपट्टी लिहिलेल्या कागदावर येऊ नये. थेट ऊन आणि पावसाळ्यात ओल धरणारी बाहेरची भिंत टाळा. खळीवर कसर येते, म्हणून वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, चौकट उतरवून मागची बाजू तपासा.

चौकट बंद होण्याआधी मागच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलने लिहून ठेवा: शब्दाचा उच्चार, रेघांची संख्या, पहिल्या पायरीतलं तुमचं मराठी वाक्य, तारीख, आणि वरच्या कडेकडे एक बाण.